दृष्टीचा अनुशेष

मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात ‘अनुशेष’ या शब्दाचा जितका उच्चार झाला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाचा झाला असेल. १९८३ साली नेमलेल्या आणि १९८४ साली अहवाल सादर करणाऱ्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे याचे मोजमाप केले, आणि साऱ्या महाराष्ट्राचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये ठरविला. या आकड्यांवर विधिमंडळात, वैधानिक विकास मंडळांत आणि आंदोलनांच्या व्यासपीठांवर दशकानुदशके चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. परंतु या चर्चेतून एक समजूत नकळत रूढ झाली. रुग्णालयाची इमारत उभी राहिली, खाटांची संख्या सरासरीला पोचली, की आरोग्याचा अनुशेष भरून निघाला असे मानले जाऊ लागले. त्या इमारतीपर्यंत पोचूच न शकलेल्या वृद्धेच्या डोळ्यांपुढचा अंधार मात्र कोणत्याच रकान्यात नोंदला गेला नाही.

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरता विचार केला तरी हे ध्यानात येते. नांदेडला १९८८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, लातूरला २००२ साली. तज्ज्ञ आहेत, यंत्रे आहेत, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयात विनामूल्य होते. आणि तरीही किनवट-माहूरच्या पाड्यांत, मुखेड-कंधारच्या तांड्यांत, जळकोट-देवणीच्या वस्त्यांत भिंतीला हात लावून चालणारी माणसे दिसतात. जी वस्तू फुकट मिळते ती गरिबाला का घेता येत नाही, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. डोळ्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधल्याशिवाय अंधत्व निवारणाची भाषा पोकळ ठरते.

प्रथम देशाचे चित्र पाहावे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९८६ ते १९८९ या काळातल्या पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १.४९ टक्के आढळले होते. २००६-०७ मध्ये ते १ टक्क्यावर आले. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत ते ०.३६ टक्के निघाले. ही उतरण समाधानाची आहे. मात्र सावधगिरीची एक गोष्ट येथेच नमूद केली पाहिजे. पूर्वी या कार्यक्रमात सहा मीटरवरून जेमतेम दिसणाऱ्या, म्हणजे ६/६० पेक्षा कमी दृष्टी असलेल्या माणसाला अंध गणले जाई. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणाशी मेळ घालण्यासाठी ही रेषा ३/६० वर आणली गेली. व्याख्या बदलण्यामागे कारण होते. पण काल जो अंध होता तो आज उपचाराविना व्याख्येपुरता डोळस झाला, हेही तितकेच खरे. दारिद्र्यरेषा सरकवून दारिद्र्य कमी झाल्याचे आकडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या प्रकाराचे नवल वाटू नये.

त्याच पाहणीतील दुसरी आकडेवारी अधिक बोलकी आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के होते, आणि त्यांतील ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण होते मोतीबिंदू. म्हणजे दर तीन वृद्ध अंधांपैकी जवळजवळ दोघे अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने पुन्हा पाहू शकले असते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत अंधत्व अधिक होते. आणि निरक्षरांत ते दहावी उत्तीर्ण झालेल्यांच्या कित्येक पट होते. मोतीबिंदू जात, वर्ग, लिंग पाहून होत नाही. वय झाले की नेत्रभिंग सर्वांचेच गढुळते. फरक पडतो तो पुढे. एकाचे भिंग गढूळ होताच बदलले जाते, दुसरा त्याच गढुळ भिंगातून पाच-दहा वर्षे जग पाहतो आणि शेवटी तेही दिसेनासे होते. वृद्धत्व निसर्गाने दिलेले असते; त्यातून येणारे अंधत्व समाजव्यवस्थेने दिलेले असते.

शस्त्रक्रिया फुकट आहे, या विधानाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. किनवट तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून नांदेडचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. डोळे तपासायला एक फेरी, रक्तदाब व साखरेच्या तपासण्या होऊन दिवस ठरला की भरती, शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडणे, मग आठवड्याने आणि महिन्याने दाखवायला येणे. ज्याला दिसत नाही तो एकटा जाऊ शकत नाही. त्याच्याबरोबर घरातले धडधाकट माणूस हवे, आणि धडधाकट माणूस म्हणजे कमावते माणूस. दोघांचे मिळून दहा-बारा रोज सहज बुडतात. एस.टी.ने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील नागरिकांना मोफत प्रवास दिला, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे, मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धे तिकीट झाले. या सवलती स्वागतार्ह आहेत. परंतु मजुराला मोतीबिंदू बहुधा साठीच्या आसपासच ग्रासतो, आणि सोबतच्या मुलाचा बुडालेला रोज कोणत्याही तिकिटात भरून मिळत नाही. विनामूल्य शस्त्रक्रियेची खरी किंमत रुग्णालयाबाहेर मोजावी लागते. आणि ज्याच्यापाशी मोजण्यासारखे सर्वांत कमी आहे त्याच्याकडूनच ती वसूल होते.

यात ऋतूची भर पडते. ऑपरेशन हिवाळ्यातच करावे, उन्हाळ्यात डोळा बिघडतो, अशी समजूत खेड्यांत खोलवर रुजली आहे. आजच्या शस्त्रक्रियेला ऋतूचे बंधन नाही. पण शिबिरांचा हंगाम पुष्कळदा या समजुतीप्रमाणेच ठरतो. आणि नेमक्या त्याच महिन्यांत ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडून साखर कारखान्यांच्या फडात गेलेल्या असतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. त्यांना दवाखान्यात नेणारे हात पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात कोयता चालवीत असतात. शिबिर भरले, रुग्ण आले नाहीत, लोकांत जागृती नाही असा शेरा मारला गेला, की प्रशासनाचे समाधान होते. वस्तुतः तेथे जागृतीपेक्षा वेळापत्रकाचा दोष अधिक असतो.

‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ हे वाक्यही असेच घातक आहे. पूर्वी संपूर्ण भिंग काढून जाड काचेचा चष्मा देत, तेव्हा मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याला काही अर्थ होता. आता गढूळ भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसविले जाते. दैनंदिन कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेची वेळ झाली. अति पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड असते, आणि तो डोळ्याचा दाब वाढवून दृष्टी कायमची घालवूही शकतो. घरोघरी स्त्रीच्या वाट्याला ही प्रतीक्षा अधिक येते. घरातल्या घरात वावरायला पुरेसे दिसते ना, मग तिला इतक्यात दवाखाना कशाला, असा हिशेब केला जातो. चूल पेटविणे, सरपण वेचणे, नातवंडे सांभाळणे ही कामे अंधूक दृष्टीने करीत राहणे हे काम आहे, असे त्या हिशेबात धरलेलेच नसते. चुलीच्या धुराचा मोतीबिंदूशी संबंध अनेक अभ्यासांत दिसून आला आहे, हे लक्षात घेतले तर या अन्यायाचे स्वरूप अधिकच स्पष्ट होते.

अंधत्वाइतके नाट्यमय नसलेले, पण कष्टकऱ्याच्या कमाईवर रोज घाला घालणारे दुसरे दुखणे म्हणजे चाळिशी. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होणे हा रोग नव्हे. भिंगाची लवचिकता कमी झाल्याचा तो परिणाम. मराठीने वयाचेच नाव चष्म्याला दिले. पण चाळिशी लागण्याचा मान ज्यांना मिळाला ते वाचणारे, लिहिणारे लोक. शिलाईयंत्रावरचा शिंपी, लातूरच्या बाजारपेठेत धान्य निवडणारी बाई, गोधडी शिवणारी, तांदळातले खडे काढणारी, बियाणे पारखणारा शेतकरी, औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचून फवारणी करणारा सालगडी, यांनाही चाळिशी लागते, हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. त्यांचे काम मंदावते, चुका होतात, मुकादम दुसरा माणूस पाहतो. आणि वय झाले, असे म्हणून तेही ती गोष्ट मुकाट्याने स्वीकारतात.

या मुकाट स्वीकाराची किंमत मोजली गेली आहे. आसामातील चहाच्या मळ्यात चाळीस वर्षांवरील ७५१ कामगारांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या अर्ध्या कामगारांना जवळचा चष्मा लगेच दिला गेला, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चष्म्यामुळे पानांच्या तोडणीत २१.७ टक्क्यांची वाढ झाली. बांगलादेशातील खेड्यांत कारागीर, शिंपी अशा लोकांत झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न सुमारे एकतृतीयांशाने वाढले. उत्पादन वाढविण्यासाठी यंत्रे, कर्ज, प्रशिक्षण यांवर कोट्यवधी रुपये खर्चणाऱ्या शासनांनी शे-दोनशे रुपयांच्या या साधनाकडे पाहू नये, यामागे अर्थशास्त्र नाही. कष्टकऱ्याला बारीक पाहण्याची गरज असते हेच मान्य नसणारी जुनी उच्चवर्णीय दृष्टी आहे.

शेतीकामातून डोळ्यांना होणाऱ्या इजांची गणनाही अशीच राहून गेली आहे. सोयाबीनच्या मळणीत उडणारे भूस, उसाच्या पात्याची धार, बाभळीचा काटा यांनी बुबुळाला ओरखडा पडतो. मग कोणी जिभेने कचरा काढतो, कोणी पाल्याचा रस वा आईचे दूध घालतो. दोन दिवसांनी डोळा लाल झाला, ठणकू लागला, की औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली येते. त्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. लाली ओसरते, ठणका थांबतो, आणि वनस्पतीच्या स्पर्शातून आत शिरलेली बुरशी मात्र जोमाने वाढते. बुबुळावर पडलेले फूल मग आयुष्यभर राहते. अशा डोळ्याला स्वच्छ पाण्याने धुऊन चोवीस तासांच्या आत डॉक्टरकडे नेले तर तो बहुधा वाचतो. आणि डॉक्टरी चिठ्ठीविना घेतलेले थेंब दीर्घकाळ घालीत राहिल्यास काचबिंदूही ओढवू शकतो. ही साधी माहिती हंगामापूर्वी प्रत्येक खळ्यावर आणि ऊसतोडीच्या प्रत्येक टोळीत पोचविणे अशक्य आहे काय? मळणीयंत्रावर काम करणाऱ्याला संरक्षक चष्मा देणे हे यंत्रमालकाचे कर्तव्य का नसावे?

काचबिंदूची जात वेगळी. तो दुखत नाही, बाजूची दृष्टी हळूहळू कुरतडतो, आणि गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असेल तर, डोळ्याचा दाब व मज्जा यांची तपासणी करून घेणे एवढाच बचाव आहे. मधुमेहाचेही तसेच. तो आता शहरी सुखवस्तूंचा रोग राहिलेला नाही. पन्नाशीपुढील मधुमेही व्यक्तींपैकी १६.९ टक्के लोकांच्या नेत्रपटलावर त्याचा परिणाम झाल्याचे राष्ट्रीय पाहणीत दिसून आले. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखरेच्या गोळ्या मिळतात, परंतु वर्षातून एकदा बाहुली मोठी करून नेत्रपटल पाहिले पाहिजे हे ना रुग्णाला सांगितले जाते, ना तेथे त्याची सोय असते. दृष्टी अंधूक झाल्यावर तो निघतो, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

मग हे सारे आवाक्याबाहेरचे आहे काय? नाही, असे सांगणारा पुरावा याच भूमीत आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या पिढीला रातांधळेपणा आणि लहान मुलांच्या डोळ्यांची फुले ही परिचयाची गोष्ट होती. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांचे डोळे जात. १९७० साली केंद्राने पाच वर्षांखालील मुलांना सहा-सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे अंगणवाड्या आल्या, गोवराची लस आली, आहारातही काही सुधारणा झाली. आज कुपोषणाने आंधळे झालेले मूल विरळा दिसते. हे कसे घडले? परिचारिका आणि अंगणवाडी सेविका मुलाच्या दारी गेल्या. मुलाला घेऊन शहरात या, असे त्याच्या आईला सांगितले गेले नाही. ज्या अंधत्वाच्या बाबतीत शासन दारापर्यंत गेले ते हटले, आणि ज्याच्या बाबतीत रुग्णाने शासनापर्यंत यावे अशी अपेक्षा राहिली ते रेंगाळले, एवढा धडा या अनुभवातून घेण्यास हरकत नसावी.

मुलांच्या बाबतीत आता वेगळे संकट उभे आहे, आणि ते याच जिल्ह्यांत विषमतेच्या दोन टोकांना दिसते. ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीने खेचली गेलेली हजारो मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत पुस्तकाला डोळे लावून बसतात. लहान वयात दीर्घकाळ जवळचे पाहणे आणि उघड्या उजेडात न जाणे यांनी लघुदृष्टी वाढते. चीनमधील क्वांगचौ येथे सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे अधिक वेळ बाहेर खेळू दिले, तेव्हा तीन वर्षांनी लघुदृष्टीचे प्रमाण ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के राहिले, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. खेळाचा तास कापून शिकवणीचा तास वाढविणाऱ्या शाळांनी व पालकांनी याचा विचार करावा. दुसऱ्या टोकाला आश्रमशाळेत शेवटच्या बाकावर बसलेला मुलगा फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरतो आणि शाळा सोडतो. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतच डोळे तपासण्याची योजना आहे. तपासणीच्या नोंदीनंतर चष्मा खरोखर नाकावर आला की नाही, आणि वर्षाने तो बदलला की नाही, याची विचारणा गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने केली पाहिजे.

या प्रदेशात डोळ्यांची सेवा आजवर मुख्यतः परोपकाराच्या बळावर चालली. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगाव शिबिरे घेऊन लाखोंना दृष्टी दिली. १९६८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. लातूर जिल्ह्यातील रेणापूर तालुक्याच्या माकेगावात जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मोतीबिंदूचे नामांकित शल्यविशारद झाले, २००८ साली पद्मश्री झाले, आणि त्यांच्याकडे मराठवाड्यातून रुग्णांची रीघ लागली. उदगीरसारख्या ठिकाणी सेवाभावी नेत्र रुग्णालये उभी राहिली. या साऱ्यांचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. परोपकार ज्याच्यापर्यंत पोचतो त्याचे कल्याण होते. ज्याच्यापर्यंत पोचत नाही त्याला मात्र तक्रार करता येत नाही. दानाची मागणी करता येते, दाव्याने ते मिळत नाही. शिवाय शिबिरांच्या घाईला धोकाही असतो. पंजाबातील घुमान येथे २०१४ साली आणि मध्य प्रदेशातील बडवाणी येथे २०१५ साली शिबिरांतील शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन अनेक गरीब वृद्धांनी डोळे गमावले. जेथे यशाचे माप शस्त्रक्रियांच्या संख्येत घेतले जाते, तेथे महिन्यानंतर किती जणांना दिसू लागले हा प्रश्न मागे पडतो.

दुसरा मार्ग कोणता, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नांदेड जिल्ह्याची पूर्वसीमा ओलांडली की तेलंगण लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही प्रदेश एकाच हैदराबाद राज्यात होते; गरिबी एक, दुष्काळ एक, निजामी वारसा एक. तेथे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने १९९० च्या दशकात धर्माबादपासून जवळच असलेल्या मुधोळ येथे ग्रामीण नेत्र रुग्णालय उभारले आणि त्याभोवती दृष्टिकेंद्रांचे जाळे विणले. सुमारे पन्नास हजार लोकसंख्येमागे एक केंद्र. त्यात बारावी झालेला स्थानिक तरुण वा तरुणी, वर्षभराचे प्रशिक्षण घेतलेली. डोळे तपासणे, चष्मा देणे, रोग ओळखून वरच्या रुग्णालयात पाठविणे आणि परतल्यावर पाठपुरावा करणे ही त्यांची कामे. पुढे तेलंगण शासनाने १५ ऑगस्ट २०१८ रोजी ‘कंटी वेलुगु’ म्हणजे ‘डोळ्यांचा प्रकाश’ ही मोहीम सुरू केली; पहिल्या फेरीत दीड कोटीहून अधिक लोकांचे डोळे त्यांच्या गावातच तपासले गेले, लाखो चष्मे वाटले गेले. २०२३ च्या जानेवारीत दुसरी फेरी सुरू झाली. या मोहिमेत उणिवा होत्या. चष्मे तत्परतेने मिळाले, शस्त्रक्रियांचा पाठपुरावा तितक्या तत्परतेने झाला नाही. मोहीम कितीही मोठी असली तरी ती कायम यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यातून दिसले. पण शासनाने ठरविले तर सबंध राज्याच्या डोळ्यांपर्यंत काही महिन्यांत पोचता येते, एवढे निर्विवाद सिद्ध झाले. धर्माबाद तालुक्यातील काही गावांनी त्याच सुमारास तेलंगणात सामील होण्याची मागणी केली होती. शेजारच्या गावात शेतकऱ्याला काय मिळते हे ज्याला रोज दिसते त्याची ती मागणी भावनेने उडवून लावण्याजोगी नव्हती.

पैसा कोठून आणावा, हा आक्षेप ठरलेला आहे. महाराष्ट्रापुरते त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना दुष्काळात रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला; आणि तिच्यासाठी १९७५ पासून शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर कर बसविला गेला. काम हे मेहेरबानी म्हणून न देता हक्क म्हणून देता येते, आणि त्याचा भार संपन्नांनी उचलणे न्याय्य आहे, हे तत्त्व या राज्याने देशाच्या आधी मान्य केले. दृष्टी ही कामाची पूर्वअट आहे. ज्याला दिसत नाही त्याला रोजगाराची हमी देणे म्हणजे दार उघडे ठेवून पायरी काढून घेण्यासारखे आहे. तज्ज्ञ डॉक्टर खेड्यात राहत नाहीत, हा दुसरा आक्षेपही तितकाच अपुरा. शस्त्रक्रियेला तज्ज्ञ लागतो. चाळिशीचा नंबर काढायला, मोतीबिंदू ओळखायला, नेत्रपटलाचे छायाचित्र घेऊन जिल्ह्याला पाठवायला शिकलेला स्थानिक तरुण पुरतो. लातूर-नांदेडला अशा सुशिक्षित बेकारांची वाण नाही. उपकेंद्रांत डोळ्यांची प्राथमिक सेवा असावी हे केंद्राच्या आरोग्य धोरणाने कागदोपत्री मान्यच केले आहे. वृद्धांना जवळचा चष्मा देण्याची तरतूदही कार्यक्रमात आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. नांदेड व लातूरच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित नेत्रसहायक आणि कायम चालणारे दृष्टिकेंद्र. आशा सेविकेच्या पिशवीत चाळिशीचे चष्मे. मोतीबिंदूच्या रुग्णाला नेण्या-आणण्याची शासकीय सोय आणि सोबत्याला त्या दिवसांचा किमान वेतनाने रोज. उपजिल्हा रुग्णालयांत वर्षभर, विशेषतः ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वीच्या महिन्यांत, शस्त्रक्रिया. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची वार्षिक नेत्रतपासणी. आणि यशाचे माप शस्त्रक्रियांच्या आकड्याने न घेता महिन्यानंतर परत आलेल्या दृष्टीने घेणे. यांतले काहीही विलासाचे नाही. अडते ते इतकेच, की आंधळ्या म्हाताऱ्यांचा मोर्चा निघत नाही आणि त्यांच्या मतांची कोणी बेरीज करीत नाही.

येथेच कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. आपल्या गावात कोणाला दिसत नाही, कोणत्या कारणाने दिसत नाही आणि कशासाठी तो दवाखान्यात गेला नाही, याची यादी करायला शासनाच्या आदेशाची गरज नाही. सहा मीटर दोरी, अक्षरांचा तक्ता आणि दोन सुट्ट्यांचे दिवस एवढे भांडवल पुरे. अशा याद्या ग्रामसभेपुढे ठेवल्या, ठरावासह तहसीलदाराकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकाकडे नेल्या, दर तीन महिन्यांनी त्यांचा जाब विचारला, तर दांडेकर समितीच्या रकान्यांत जो अनुशेष मावला नाही तो गावागणिक, नावानिशी समोर येईल. नावानिशी मांडलेला अनुशेष नाकारणे कोणत्याही शासनाला सोपे नसते. आणि या यादीत पहिले नाव बहुधा एखाद्या वृद्ध स्त्रीचे असेल, जिने पन्नास वर्षे दुसऱ्यांसाठी पाहिले आणि जिच्यासाठी पाहायला अजून कोणी गेलेले नाही.